भांगेचं पान, गांजाचा तुरा

गेल्या काही वर्षांत पोफळीच्या माझ्या दवाखान्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. मुंबईला किंवा परदेशात असलेल्या मुलानं फोनवर सांगितलेलं असतं, कॅन्सरच्या दुखण्यावर आता गांजाचं औषध निघालंय. मग घरातलं माणूस आवाज खाली करून विचारतं, "डॉक्टर, ते आपल्याकडे चालतं का?" हा आवाज खाली का येतो, त्याला मोठा इतिहास आहे.

आयुर्वेदाला ही वनस्पती परकी नाही. पचण्याआधीच सगळ्या शरीरात पसरणाऱ्या द्रव्यांना व्यवायी म्हणतात. शार्ङ्गधरानं त्यांची उदाहरणं देताना भांग आणि अफू हीच नावं घेतली आहेत. जुनाट अतिसारावर देतात त्या जातीफलादि चूर्णात भांग असते. मात्र पान खुडलं आणि कुटलं असं चालत नाही. हिरवा रंग उतरेपर्यंत ते पाण्यात धुवायचं, वाळवायचं, तुपावर परतायचं आणि मगच वापरायचं. थोडक्यात, नियम होतेच. फक्त ते सरकारचे नव्हते.

सरकार आलं ते महसुलासाठी. मुंबई इलाख्यात १८७८च्या अबकारी कायद्यानं गांजा-भांगेवर परवाने आणि कर बसवले. अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, गांजाचं पीक घेतलं जाई. पुढे विलायतेत ओरड सुरू झाली की गांजानं हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं भरताहेत आणि सरकार त्यावर पैसा कमावतंय. मार्च १८९३मध्ये मद्यपानविरोधी चळवळीतले खासदार विल्यम केन यांनी पार्लमेंटात हा विषय काढला आणि जुलैमध्ये चौकशी आयोग नेमला गेला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सात सभासदांपैकी तिघे हिंदी.

या आयोगानं काम मात्र मन लावून केलं. सत्तर प्रश्नांची यादी काढली आणि ११९३ साक्षी घेतल्या. साहेब, डॉक्टर, वैद्य, हकीम, सगळ्यांना विचारलं. खरी मेहनत घेतली ती वेडाच्या प्रश्नावर. आपल्या रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६चं, म्हणजे तेव्हा जेमतेम सात वर्षांचं. अशा इस्पितळांच्या रजिस्टरात 'वेडाचं कारण' असा एक रकाना असे. रस्त्यात सापडलेल्या माणसाला पोलीस आणून सोडत. त्याचं घरदार ठाऊक नसे, पूर्वेतिहास ठाऊक नसे, पण रकाना तर भरायला हवा. मग 'गांजा' लिहून मोकळं व्हायचं! १८९२ सालात देशभरात अशी २२२ प्रकरणं गांजा-भांगेच्या नावावर होती. आयोगानं एकेकाची घरापर्यंत जाऊन पुन्हा चौकशी केली, तेव्हा त्यातली निम्मीसुद्धा टिकली नाहीत. सरकारी आकड्याची इतकी कसून झडती सरकारनंच घेतल्याचं उदाहरण विरळा.

१८९४चा अहवाल सात खंडांचा आहे. माफक सेवनानं सहसा अपाय होत नाही, अतिरेकानं होतो. सरसकट बंदी नको, पण लागवड मोजकी असावी, परवाने असावेत आणि कर चढा असावा, असा त्याचा निष्कर्ष. महसूल बुडू नये हा हेतू त्यामागे नव्हताच, असं मी म्हणणार नाही. पण औषधी उपयोगाची नोंद आयोगानं आदरानं घेतली, हेही खरं.

तो समतोल पुढे टिकला नाही. १९२५च्या जिनिव्हा परिषदेत गांजा आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आला. १९४९चा आपला मुंबई दारूबंदी कायदा भांगेलाही लागू झाला. १९६१च्या जागतिक करारानं गांजा, म्हणजे फुलांचे तुरे, कडक यादीत घातला; पान आणि बी मात्र व्याख्येतून सुटलं. आपला १९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा त्याच वाटेनं गेला. त्यात गांजाचं झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. दुसरीकडे औषधांच्या नियमावलीतल्या विषारी द्रव्यांच्या यादीत भांग आहे, आणि 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असा इशारा छापून परवानाधारक कारखाना तिचं औषध बनवू शकतो. हल्ली पानाच्या अर्काचं तेल विकलं जातं ते याच आधारावर.

माझी अडचण इथे आहे. कायदा झाडाचा अवयव बघतो. नशा आणणारं द्रव्य तुऱ्यात जास्त आणि पानात कमी असतं, पण असतं दोन्हीकडे. रोग्याला किती मात्रा पोचली, हे 'पान' या एका शब्दावरून कळत नाही.

मॉर्फिनचं उदाहरण घ्या. १९८५च्या कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात ते इस्पितळांतून जवळजवळ नाहीसं झालं आणि कॅन्सरचे रोगी कण्हत राहिले. २०१४च्या दुरुस्तीनं अत्यावश्यक अमली औषधांचा वेगळा वर्ग केला, तेव्हा कुठे वाट थोडी मोकळी झाली. एकोणतीस वर्षं लागली.

गांजाच्या बाबतीत डिसेंबर २०२०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं २७ विरुद्ध २५ मतांनी त्याला सर्वात कडक यादीतून वगळलं. भारताचं मत वगळण्याच्या बाजूनं पडलं. उत्तराखंडनं २०१८मध्ये लागवडीचा परवाना दिला, तो धाग्याच्या जातीसाठी. आणि औषधासाठी? १९८५च्याच कायद्याच्या दहाव्या कलमात राज्यांना या झाडाच्या लागवडीला परवानगी देऊन नियम करण्याचा अधिकार पहिल्या दिवसापासून लिहिलेला आहे.