परकीय मालाची ओढ आणि रुपया : दक्षिण कोकण, गोवा व आखाती रुपया (१९४७-१९६६)

प्रास्ताविक

परदेशी वस्तूंच्या वापरामुळे देशाचा पैसा बाहेर जातो आणि देश निर्धन होतो, हा विचार मराठी वाचकास नवा नाही. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात लिहिलेल्या शतपत्रांत तो आढळतो. दादाभाई नौरोजींच्या संपत्तिवहनाच्या सिद्धांताने त्यास आकडेवारीचा आधार दिला आणि १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीने तो घरोघर पोहोचविला. या परंपरेत दोष प्रामुख्याने ग्राहकाच्या वृत्तीत शोधला गेला. विलायती मालाचा मोह सुटला की देशाची स्थिती सुधारेल, असे तिचे सूत्र होते. स्वातंत्र्यानंतरच्या काळातही चलनावरील संकटाची चर्चा पुष्कळदा याच भाषेत होत राहिली.

आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडणाऱ्या किनारपट्टीचा स्वातंत्र्योत्तर वीस वर्षांचा इतिहास पाहिला असता हे सूत्र अपुरे वाटते. (हा जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तोपर्यंत हा प्रदेश रत्नागिरी जिल्ह्याचा भाग होता आणि त्यातील सावंतवाडी हे १९४८ पर्यंत स्वतंत्र संस्थान होते.) परदेशी मालाची आवड येथे होती, यात शंका नाही. तथापि रुपयाला धक्का बसला तो त्या आवडीमुळे तितका नव्हे, जितका त्या मालाचे मोल चुकते करण्याचा जो मार्ग उरला होता त्यामुळे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

मीठ, मद्य आणि १८७८ चा तह

तेरेखोलची खाडी ही दोन राज्यांची सीमा होती, पण दोन समाजांची नव्हती. भाषा, सोयरीक, देवस्थाने आणि आठवड्याचा बाजार या सर्व बाबतीत पेडणे आणि सावंतवाडी हा एकच मुलूख होय. अशा सीमेवर अलीकडे कर अधिक आणि पलीकडे कमी असला की माल आपोआप वाहू लागतो. एकोणिसाव्या शतकात हा माल म्हणजे मीठ आणि मद्य. ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावर भारी कर होता. गोव्यात तसा नव्हता. परिणामी गोव्याचे मीठ चोरवाटेने घाटावर जाई.

यावर ब्रिटिशांनी योजलेला उपाय विचार करण्याजोगा आहे. २६ डिसेंबर १८७८ रोजी झालेल्या आंग्ल-पोर्तुगीज तहान्वये दोन्ही प्रदेशांतील जकातीची भिंत काढण्यात आली, गोव्यातील मिठागरांचे नियंत्रण ब्रिटिशांकडे आले आणि त्याबदली पोर्तुगीज सरकारास दरसाल चार लक्ष रुपये देण्याचे ठरले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे कलम चलनाचे होते. गोव्याचे नाणे ब्रिटिश हिंदी रुपयाच्या वजनाचे व कसाचे करण्यात आले आणि १८८१ पासून 'रुपिया' हे नाणे कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडले जाऊ लागले. तह १८९२ मध्ये संपुष्टात आला, जकात नाकी पुन्हा उभी राहिली. परंतु रुपिया आणि रुपया यांची बरोबरी पुढे सहा दशकांहून अधिक काळ टिकली. सावंतवाडीचा व्यापारी म्हापशात जे मोजी ते व्यवहारतः त्याच्याच गावचे नाणे होते. जकातीची भिंत उभी आणि चलनाची भिंत नाही, अशी ही विषम रचना होती.

गोव्याची बाजारपेठ

स्वातंत्र्यानंतर या रचनेला नवे वजन आले. भारताने परकीय चलन राखण्यासाठी आयातीवर परवाने बसविले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (१९५६-६१) चैनीच्या वस्तूंची आयात जवळजवळ थांबली. गोव्यात नेमके उलट घडत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील लोहखनिजाला जपानमध्ये मागणी आली आणि खनिजाच्या निर्यातीतून परकीय चलन येऊ लागले. (तोच खनिजपट्टा अलीकडे रेडीपर्यंत येतो, हे येथे नमूद करावयास हवे.) जोडीला आफ्रिका व आखातात नोकरीस गेलेल्या गोमंतकीयांच्या रकमा होत्या. या पैशाच्या आधारे पोर्तुगीज प्रशासनाने आयातीची दारे मोकळी ठेवली. मडगाव-म्हापशाच्या दुकानांत घड्याळे, फाउंटन पेने, अत्तरे, नायलॉनचे कापड आणि स्कॉच मद्य खुलेआम मिळे. मुंबईत यांपैकी पुष्कळ वस्तू परवान्याअभावी दुर्मीळ होत्या.

१९५४-५५ मध्ये गोवा मुक्तीचा लढा तीव्र झाला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीसह अनेक ठिकाणी नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि त्यानंतर भारताने गोव्याशी असलेले व्यापारी व दळणवळणाचे संबंध तोडले. मुंबईतील गोमंतकीयांनी घरी पाठवावयाच्या पैशावरही बंधने आली. या नाकेबंदीने गोवा उपाशी पडेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात गोव्याने बटाटे हॉलंडहून, तांदूळ व भाजीपाला पाकिस्तानातून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून आणि पोलाद बेल्जियमहून आणले. भारतीय माल गेला आणि त्याची जागा परदेशी मालाने घेतली. ज्या नाकेबंदीने परकीय मालाचा ओघ आटावयाचा, तिनेच सावंतवाडीच्या वेशीवर परकीय मालाचे मोठे कोठार उभे केले, असे म्हटल्यास ते वस्तुस्थितीस धरून होईल. बांदा, आरोंदा, सातार्डा, दोडामार्ग या बाजूंनी जंगलवाटा व खाडी अनेक आणि पहारेकरी थोडे, अशी स्थिती असताना त्यातील काही माल अलीकडे न येता तरच नवल.

यात एक आर्थिक बारकावा आहे. म्हापशात खर्च झालेला भारतीय रुपया नाकेबंदीपूर्वी भारतीय माल विकत घेण्यासाठी परत येई, म्हणजे वर्तुळ पुरे होई. नाकेबंदीनंतर ही परतीची वाट अरुंद झाली. गोव्यातील व्यापाऱ्याच्या हाती साठलेल्या भारतीय नोटांना आता दुसरी वाट हवी होती. तशी वाट अरबी समुद्राच्या पलीकडील तीरावर आधीपासूनच खुली होती. मात्र तिचा खरा वापर झाला तो घड्याळांसाठी नव्हे, सोन्यासाठी.

सोने : हौस की बचत?

परकीय मालाच्या आवडीविषयी लिहिताना आपण सहसा कापड, घड्याळे, सुगंधी द्रव्ये यांचा उल्लेख करतो. सोन्यास आपण परदेशी माल मानत नाही. ते आपल्या संस्कृतीचे अंग समजले जाते. परंतु कोलारच्या खाणींचे मर्यादित उत्पादन सोडता भारतात वापरले जाणारे सोने बाहेरूनच येत आले आहे. मालवणच्या सोनाराने घडविलेल्या पाटल्यांचा घाट देशी, धातू मात्र परदेशी.

ही मागणी केवळ हौसेची म्हणणेही अन्यायाचे होईल. १९६९ च्या बँक राष्ट्रीयीकरणापूर्वी दक्षिण कोकणातील बहुतेक गावांत बँकेची शाखा नव्हती. घरचा पुरुष मुंबईला गिरणीत, त्याची मनीऑर्डर महिन्याची, शेती पावसावर. अशा कुटुंबात स्त्रीच्या अंगावरील चार तोळे हीच अडीनडीची ठेव असे. ती मोडता येई, गहाण टाकता येई आणि महागाईत तिचे मोल घटत नसे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही रुपयावरील अविश्वासाची नव्हे, तर रुपया साठविण्यास सुरक्षित जागा नसल्याची खूण होती.

मार्च १९४७ पासून परवान्याविना सोन्याच्या आयातीस बंदी होती. जागतिक बाजारात सोन्याचा अधिकृत भाव औंसास ३५ डॉलर होता. सप्टेंबर १९४९ च्या अवमूल्यनानंतर डॉलरचा दर ४.७६ रुपये ठरला. एक तोळा म्हणजे तीन-अष्टमांश ट्रॉय औंस. तेव्हा या दराने तोळ्याची किंमत बरोबर ६२ रुपये ५० पैसे येते आणि ऑक्टोबर १९५६ पासून रिझर्व्ह बँकेने आपल्याजवळील सोन्याचे मूल्यांकनही याच भावाने केले. मुंबईच्या बाजारात मात्र १९५७ ते १९५९ या वर्षांत तोळ्याचा भाव शंभर रुपयांच्या वर होता. म्हणजे दहा तोळ्यांच्या एका बिस्किटामागे किमान पावणेचारशे रुपयांचा फरक. त्या काळी पावणेचारशे रुपये ही गिरणी कामगाराची काही महिन्यांची कमाई होय. दुबईत सोने खरेदी करणे कायदेशीर होते. तेथून निघालेले गलबत कोकणासमोरील समुद्रात येई, माल मच्छीमार होड्यांत उतरे आणि शिवलेल्या कप्प्यांच्या जाकिटांतून पुढे मुंबईकडे जाई. खाड्यांनी चिरलेला हा किनारा अशा उतरणीस सोयीचा होता. किनाऱ्यावरील माणसाच्या वाट्याला यातून हमालीपलीकडे फारसे काही येत नसे. नफा गुंतवणाऱ्याचा होता.

आखाती रुपया

आता प्रश्न असा की, या सोन्याचे मोल कशाने दिले जाई? साध्या उत्तरात 'परकीय चलनाने' असे म्हणता येईल, पण तस्कराजवळ डॉलर किंवा पौंड नव्हते. ते मिळण्याचा मार्ग रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात होता. त्याच्याजवळ होत्या रुपयाच्या नोटा. आणि त्या पुरेशा होत्या, कारण कुवेत, बहरीन, कतार आणि दुबई-अबुधाबी आदी शेखांच्या राज्यांत भारतीय रुपया हेच चलन होते. ब्रिटिश राजवटीत मुंबईशी असलेल्या मोती व खजुराच्या व्यापारातून ही प्रथा रूढ झाली आणि स्वातंत्र्यानंतरही तशीच राहिली.

यातील यंत्रणा पाहण्यासारखी आहे. नोटांची पुडकी गलबतातून दुबईस जात. तेथील सोन्याचा व्यापारी त्या स्वीकारून स्थानिक बँकेत भरी. ती बँक जादा झालेल्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे परत पाठवून त्याबदली पौंड स्टर्लिंग मागे आणि रुपया हे तेथील वैध चलन असल्याने ते द्यावे लागे. अशा रीतीने मालवण वा मुंबईतील ग्राहकाने दिलेला रुपया काही आठवड्यांत भारताच्या लंडनमधील गंगाजळीतून पौंड बनून बाहेर पडे. आयातीवर बंदी होती, परवाने होते, जकात अधिकारी होते. तरीही सोन्याचे बिल भारत सरकार स्वतःच अधिकृत दराने चुकते करीत होते.

त्या वर्षांत गंगाजळीची स्थिती नाजूक होती. १९५५-५६ च्या अखेरीस सुमारे ९०० कोटी रुपयांची असलेली परकीय चलनाची गंगाजळी (सोने धरून) १९५८-५९ च्या अखेरीस ४०० कोटींच्या खाली आली. या घसरणीचे मुख्य कारण योजनेसाठी आणलेली यंत्रसामग्री व अन्नधान्य हे होते. सर्व दोष सोन्याच्या तस्करीस देणे इतिहासास धरून होणार नाही. परंतु यंत्रसामग्रीची आयात थांबविणे सरकारच्या हाती होते, दुबईहून येणाऱ्या नोटांचे पौंड नाकारणे मात्र नव्हते.

मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना १९५९ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती झाली आणि केवळ आखातात चालणाऱ्या वेगळ्या नोटा निघाल्या. त्यांचे रंग निराळे होते आणि क्रमांकामागे 'झेड' हे अक्षर होते. मूल्य भारतीय रुपयाइतकेच, पण भारतात त्या चालत नसत आणि देशातील नोट आखातात चालत नसे. येथे सरकारने ग्राहकाची आवड बदलण्याचा प्रयत्न केला नाही, पहारेही मुख्य मानले नाहीत. नोटेचा प्रवास तेवढा तोडला. त्या काळातील सर्व उपायांत हा सर्वांत विचारी होता, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

योगायोग असा की, याच सुमारास, १९५८-५९ मध्ये, पोर्तुगालने गोव्यातील रुपिया रद्द करून सहा एस्कुदोंस एक रुपिया या दराने एस्कुदो चालू केला. हेतू वेगळा होता. गोव्यास पोर्तुगालच्या चलनक्षेत्रात जोडावयाचे होते. पण परिणामी अरबी समुद्राच्या दोन्ही तीरांवर पसरलेला जुना रुपया एका वर्षाच्या अंतरात दोन बाजूंनी कापला गेला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर तेथे भारतीय रुपया आला. आखातात तो परतला नाही. कुवेतने १९६१ मध्ये व बहरीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार काढला. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन करून डॉलरचा दर ४.७६ वरून ७.५० केला, तेव्हा कतार व दुबईनेही आखाती रुपया सोडला. आपल्या ठेवींचे मोल दिल्लीतील निर्णयाने एका रात्रीत घटावे, हे त्यांना मान्य होण्यासारखे नव्हते. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत रेंगाळला.

नंतरची वाट

नोटा वेगळ्या झाल्याने तस्करी थांबली नाही. भावातील फरक कायम होता, म्हणून मोल चुकविण्याचे नवे मार्ग निघाले : हवाला, निर्यातीच्या बिलात कमी किंमत दाखविणे आणि पुढे चोरून बाहेर जाणारी चांदी. सरकारने मग ग्राहकाकडे मोर्चा वळविला. जानेवारी १९६३ च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी चौदा कॅरटहून अधिक कसाचे दागिने घडविण्यास बंदी केली. याचा पहिला घाव बसला तो सावंतवाडी-मालवणच्या दैवज्ञ सोनारांसारख्या देशभरच्या कारागिरांवर. पिढीजात भट्टी विझली आणि अनेकांनी दुसरा व्यवसाय धरला. चौदा कॅरटचे बंधन १९६६ मध्ये उठले, तरी १९६८ च्या कायद्याने नियंत्रण कायम राहिले. ते रद्द करण्याची घोषणा मार्च १९९० च्या अर्थसंकल्पात झाली. ती करणारे अर्थमंत्री मधु दंडवते हे याच किनाऱ्याचा समावेश असलेल्या राजापूर मतदारसंघाचे खासदार होते आणि १९५५ च्या गोवा सत्याग्रहातही त्यांनी भाग घेतला होता.

पुढील वर्षी देशाची गंगाजळी काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. मे १९९१ मध्ये स्टेट बँकेमार्फत वीस टन सोने परत खरेदीच्या अटीवर स्वित्झर्लंडच्या बँकेस विकण्यात आले आणि त्यातून तातडीचे परकीय चलन उभे राहिले. हे सोने रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीतील नव्हते. तस्करांकडून जप्त होऊन सरकारजमा झालेला तो साठा होता. १९९२ मध्ये परदेशस्थ भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोने आणण्याची मुभा मिळाली, भावातील फरक आकसला आणि किनाऱ्यावर उतरणाऱ्या बिस्किटांत पूर्वीचा नफा राहिला नाही. २०१३ मध्ये रुपया घसरू लागताच सोन्यावरील आयात शुल्क दहा टक्क्यांवर नेण्यात आले, तेव्हा तस्करीने पुन्हा डोके वर काढले. या खेपेस मात्र माल होडीतून न येता विमानतळावरील प्रवाशांच्या सामानातून येऊ लागला.