तीन-चार ओळींना मिळून एकच कंस: वर्ड आणि गूगल डॉक्समध्ये तो कसा द्यायचा?

‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने १२ किल्ल्यांचा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यातले चार सागरी किल्ले एका पानावर लिहायचे आहेत असं समजा.

खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे बेटावरचे किल्ले. देवगड तालुक्यातला विजयदुर्ग मात्र किनारी किल्ला. त्याच्या तीन बाजूंना पाणी आहे आणि एक बाजू जमिनीला जोडलेली आहे. म्हणजे पहिल्या तीन नावांपुढे एकच मोठा महिरपी कंस आणि त्यापुढे ‘बेटावरचे किल्ले’ असं लिहायला हवं. हा कंस एक ओळ जरी खाली सरकला, तरी विजयदुर्ग बेटावर जाऊन बसतो!

कीबोर्डवरचा कंस का पुरत नाही?

कीबोर्डवरचा } हे एक अक्षरच आहे. त्याचा फॉन्ट साइज वाढवला की ती एकच ओळ उंच होते. कंस शेजारच्या ओळींवर पसरत नाही.

पद्धत १: शेप

वर्डमध्ये ‘इन्सर्ट’, ‘शेप्स’, ‘बेसिक शेप्स’ असं जाऊन ‘राइट ब्रेस’ निवडा आणि ओळींच्या उंचीइतका ओढा. पिवळ्या ठिपक्यांनी कंसाचा बाक आणि मधलं टोक हलवता येतं. गूगल डॉक्समध्ये हाच आकार ‘इन्सर्ट’, ‘ड्रॉइंग’, ‘न्यू’ इथे मिळतो. लिब्रेऑफिस रायटरमध्ये तो चिन्हांच्या शेप्समध्ये असतो.

अडचण अशी की हा कंस मजकुरावर तरंगत असतो. वर एखादी ओळ वाढली की नावं खाली जातात आणि कंस मागे राहू शकतो. त्यासाठी वर्डमध्ये कंसावर क्लिक करून ‘लेआउट ऑप्शन्स’मध्ये ‘मूव्ह विथ टेक्स्ट’ निवडा.

पद्धत २: टेबल

फायलीत पुन्हा पुन्हा बदल होणार असतील, तर ही पद्धत जास्त भरवशाची. ती तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये चालते.

१. चार ओळी आणि तीन रकान्यांचं टेबल घ्या. पहिल्या रकान्यात चार नावं लिहा, विजयदुर्ग शेवटी.

२. मधल्या रकान्यातले वरचे तीन सेल निवडून ‘मर्ज सेल्स’ करा. तिसऱ्या रकान्यातही तेच करा.

३. मधल्या मोठ्या सेलमध्ये } टाइप करा. फॉन्ट साइज ३६ पासून वाढवत न्या आणि कंस तीन ओळींना पुरला की थांबा.

४. तिसऱ्या रकान्यात ‘बेटावरचे किल्ले’ आणि विजयदुर्गपुढे ‘किनारी किल्ला’ लिहा. मजकूर सेलच्या उभ्या मध्यावर आणा.

५. टेबलाच्या रेषा काढून टाका. वर्डमध्ये त्यासाठी ‘नो बॉर्डर’ हा पर्याय आहे.

आता वर कितीही मजकूर वाढला तरी कंस आपल्याच तीन नावांपुढे राहतो. मात्र यादीत चौथं बेट आलं, तर नवा सेल मर्ज करून कंस हातानेच मोठा करावा लागेल.

इक्वेशनमधला कंस चालेल का?

वर्डच्या ‘इक्वेशन’मधला कंस आतल्या ओळींनुसार आपोआप वाढतो. पण ती सोय गणितासाठी आहे. मराठी नावांच्या यादीसाठी टेबलच सोपं.

पाठवण्यापूर्वी

समोरच्याच्या फोनमध्ये तोच मराठी फॉन्ट नसेल, तर ओळींची उंची बदलते आणि कंस बिघडू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फाइल पीडीएफ करूनच पाठवा.