आजीकडचा वंश

कुलवृत्तांत चाळण्याचा मला जुना नाद आहे. अशा ग्रंथांत मूळ पुरुष असतो, त्याचे मुलगे, नातू, पणतू असतात. बायका मात्र ओळीच्या शेवटी कुठेतरी, सासरच्या नावाने. आमच्याच वृत्तांतात पणजीचे माहेर शोधू गेलो, तो तिथे नुसती रेघ! तेव्हापासून कुणाचीही वंशावळ हाती आली की मी आधी आईकडची बाजू पाहतो.

याच खोडीपायी सायमन व्हान डेर स्टेलची गाठ पडली. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६७९ साली त्याला दक्षिण आफ्रिकेतील केपच्या वसाहतीवर कमांडर म्हणून धाडले. त्याच वर्षी त्याने स्टेलेनबॉश वसवले आणि गावाला आपलेच नाव दिले. कॉन्स्टन्शियाचा द्राक्षमळा त्याचाच. १६९१ साली तो गव्हर्नर झाला, १६९९ साली कारभार मुलाच्या हाती आला, आणि १७१२ साली सायमन वारला. पुढे गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याला आपल्या आद्य पुरुषांत मानाने बसवले.

आता आईकडे वळू. १६३९ साली सायमन जन्मला, तेव्हा आईबाप मॉरिशसच्या वाटेवर होते. बाप आद्रियान तिथला कमांडर व्हायचा होता. आई मारिया लीव्हेन्स. आणि या मारियाची आई? मोनिका, गुलामीतून सुटलेली एक हिंदी बाई! तिला कुणी गोव्याच्या किनाऱ्याची म्हणतात, कुणी कोरोमांडलची. कागदोपत्री ती ‘दा कोस्ता’. पोर्तुगीजांत याचा अर्थच मुळी ‘किनाऱ्याची’. म्हणजे बिचारीला आडनावसुद्धा नाही, नुसती दिशा!

१९५० साली दक्षिण आफ्रिकेत माणसांची वर्णावर नोंद करणारा कायदा झाला. तो १९९१ पर्यंत टिकला. वर्णभेदाचा मोठा पुरस्कर्ता फेरवूर्ट स्टेलेनबॉशच्याच विद्यापीठात शिकला, तिथेच प्राध्यापक झाला आणि १९५८ साली पंतप्रधान. ज्या गावाला मोनिकेच्या नातवाचे नाव, त्याच गावात हे विचार वाढले! त्या कायद्याच्या कारकुनापुढे खुद्द सायमन उभा राहता, तर त्याला कोणत्या रकान्यात घातले असते?

शुद्ध वंशाचा अभिमान टिकतो तो बहुधा असा, आजीचे नाव गाळून. हे दोष दूरच्यांना देऊन मी मोकळा होत नाही. आमच्या वृत्तांतातली रेघ अजून तशीच आहे.

वाचकहो, भाऊबीजेला घरोघरी माणसे जमतील. फराळ झाला की घरातल्या वडीलधाऱ्या बाईला तिच्या आजीचे नाव आणि गाव विचारा. आणि लगेच लिहून ठेवा. मी विचारीपर्यंत सांगणारे कुणी उरले नव्हते.