कांदेपोहे (विवाहपूर्व भेट)

कांदेपोहे, मुलगी पाहणे किंवा पाहण्याचा कार्यक्रम ही महाराष्ट्रातील ठरवून केलेल्या विवाहांतील उपवर मुलगा व मुलगी यांची पहिली औपचारिक भेट होय. ही भेट बहुधा मुलीच्या घरी, दोन्हीकडील नातेवाइकांच्या उपस्थितीत होते. पाहुण्यांना चहासोबत कांदेपोहे देण्याच्या प्रथेवरून हे नाव रूढ झाले. मराठवाड्याच्या ग्रामीण भागात या संपूर्ण व्यवहारास 'सोयरीक जमवणे' असे म्हणतात.

पूर्वतयारी

नातेवाईक, मध्यस्थ किंवा वधू-वर सूचक मंडळ यांच्यामार्फत 'स्थळ' सुचवले जाते. भेटीपूर्वी जात, शिक्षण, नोकरी, शेती यांची चौकशी होते. काही समाजांत देवक किंवा गोत्र, तर काही कुटुंबांत पत्रिका पाहिली जाते. अलीकडे छायाचित्रासह बायोडाटा व्हॉट्सॲपवरून पाठवण्याची पद्धत सर्वत्र दिसते.

स्वरूप

पारंपरिक पद्धतीत मुलगी डोक्यावर पदर घेऊन पाटावर किंवा खुर्चीवर बसते. तिला नाव, शिक्षण, मामाचे गाव व आडनाव, स्वयंपाक येतो का, असे प्रश्न विचारले जातात. निघताना तिच्या हातावर पैसे ठेवण्याची किंवा तिची ओटी भरण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. पसंती नंतर मध्यस्थामार्फत कळवली जाते. होकार आल्यास देण्याघेण्याची बोलणी, सुपारी व साखरपुडा असा क्रम असतो.

मुलगा व मुलगी यांचे संभाषण

पूर्वी मुलाने स्वतः प्रश्न विचारणे अपवादात्मक होते. निर्णय वडीलधारी मंडळी घेत. आता दोघांना काही वेळ स्वतंत्रपणे बोलू देण्याची पद्धत वाढली आहे. शहरांत अशी भेट उपाहारगृहातही होते. या भेटीत पगार, कर्ज, व्यसन, आजारपण यांविषयी खरी माहिती देणे, मुलीच्या नोकरीविषयीच्या अपेक्षा जाणून घेणे व तिच्या प्रश्नांना मोकळेपणाने उत्तरे देणे मुलाकडून अपेक्षित असते. वर्ण, उंची वा वजन यांवर शेरेबाजी करणे अनुचित मानले जाते. नकार असल्यास तो लवकर व सभ्य शब्दांत कळवावा, तसेच मुलीच्या नकाराचाही मान राखावा, असा संकेत आहे.

बीड जिल्ह्यातील स्थिती

परळी वैजनाथ तालुक्यातील सिरसाळा व परिसरासह बीड जिल्ह्यातील विवाहव्यवहारावर ऊसतोडीच्या स्थलांतराचा प्रभाव आहे. दिवाळीच्या सुमारास अनेक मजूर कुटुंबे साखर कारखान्यांच्या क्षेत्रात जातात. मुलीला मागे एकटे ठेवण्याची चिंता व गरिबी यांमुळे तिचा विवाह लवकर उरकण्याकडे कल असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार, जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचा विवाह १८ वर्षांपूर्वी झाला होता. अशा विवाहांत मुलीची पसंती विचारली जाण्याची शक्यता कमीच असते.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातील ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. हे प्रमाण राज्यात सर्वांत कमी होते. स्त्रीभ्रूणहत्येमुळे घटलेली मुलींची संख्या आणि शेतीतील अनिश्चित उत्पन्न यांमुळे ग्रामीण तरुणांना स्थळे मिळणे कठीण झाले आहे. याच प्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये सोलापूर येथे अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेशात जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला व गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या कठोर अंमलबजावणीची मागणी केली.

कायदेशीर बाजू

हुंडा प्रतिबंधक अधिनियम, १९६१ नुसार हुंडा देणे, घेणे व मागणे हे गुन्हे आहेत. त्यामुळे बोलणीच्या वेळी केलेली मागणीही गुन्हा ठरते. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार विवाहासाठी मुलीचे वय किमान १८ व मुलाचे २१ वर्षे असावे लागते.

टीका व चित्रण

मुलीची वस्तूप्रमाणे पारख होते व वारंवारच्या नकारामुळे तिचा आत्मसन्मान दुखावतो, अशी टीका या प्रथेवर होते. 'सनई चौघडे' (२००८) या मराठी चित्रपटात शहरी पार्श्वभूमीवर हा विषय हाताळला आहे. जयंत दिगंबर सोमलकर दिग्दर्शित 'स्थळ' या चित्रपटात विदर्भातील एका शिकणाऱ्या मुलीच्या दृष्टीतून ही प्रथा मांडली आहे; त्यास २०२३ च्या टोरंटो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात नेटपॅक पुरस्कार मिळाला.