कर्नाळ्याचा सुळका

पनवेलहून पेणकडे निघालें कीं डोंगरमाथ्यावर अंगठ्यासारखा उभा असलेला एक सुळका दिसूं लागतो. तो कर्नाळा. पनवेलच्या मुलाला मुळाक्षरांच्या आधीं या सुळक्याची ओळख होते. पण त्याचा इतिहास विचारला तर मोठीं माणसेंहि गडबडतात.

या गडाचें मोल त्याच्या उंचीपेक्षां त्याच्या जागेंत होतें. पनवेल बंदरांत उतरलेला माल बोरघाटानें देशावर चढे. त्या वाटेवर हा पहारा. म्हणूनच इ. स. १५४० मध्यें या गडासाठीं गुजराथचा सुलतान आणि निजामशहा यांच्यांत झगडा झाला, आणि त्यांत पोर्तुगीजांचीहि मदत घेतली गेली. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत जे तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले त्यांत कर्नाळा होता. १६७० मध्यें मराठ्यांनीं तो परत घेतला तो कसा? मातीचे आडोसे रचीत, लाकडी फळ्या पुढें धरीत, हळूहळू वर सरकत. आपल्या पोवाड्यांत तलवारी फार; फावड्याला आणि फळीला मात्र कोणी शाहीर मिळाला नाहीं!

महाराजांच्या पश्चात् गड मोगलांकडे, पुढें पेशव्यांकडे, आणि १८१८ मध्यें कर्नल प्रॉथरनें तो इंग्रजांसाठीं घेतला. पायथ्याजवळच्या शिरढोणच्या फडके घराण्याकडे गडाची किल्लेदारी होती, असें सांगतात. त्याच घराण्यांत १८४५ मध्यें वासुदेव बळवंत जन्मले. गडावरच्या तोफा थंडावल्यानंतर एकसष्ट वर्षांनीं, १८७९ मध्यें, त्यांनीं इंग्रजांविरुद्ध बंड उभारलें, आणि १८८३ मध्यें एडनच्या कैदेंत देह ठेवला.

आज वर काय उरलें आहे? ढासळलेला तट, दरवाजे, मराठी व फारसी असे दोन शिलालेख, सुळक्याच्या पोटांत खोदलेलीं टाकीं आणि कड्यावर लोंबणारीं आग्यामाशांचीं पोळीं. १९६८ मध्यें भोवतालच्या रानाचें पक्षी-अभयारण्य झालें. २००३ मध्यें त्याची हद्द वाढली. लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक आणि माणसासारखी शीळ घालणारा कस्तूर हे आतां येथले रहिवासी. पाखरांच्या निमित्तानें रान राखलें जातें, ही चांगलीच गोष्ट. परंतु त्याच रानाचीं मुळें तटाचे सांधे उकलीत आहेत. झाड राखावें कीं चिरा, या प्रश्नाला सोपें उत्तर नाहीं. माझ्यापुरतें विचाराल, तर रान वाढूं द्यावें. तट, दरवाजे आणि लेख एवढे मात्र मोकळे ठेवावेत. पाखराला दुसरें झाड मिळेल, अक्षराला दुसरा दगड मिळणार नाहीं.

शाळेंत असतांना एकदां मीं मुलांना गडावर नेलें होतें. एकानें मराठी लेखावर खडूनें आपलें नांव लिहिलें. मी रागावणार, तोंच दुसऱ्यानें विचारलें, “गुरुजी, आधीं ज्यानें लिहिलें त्याचें नांव काय?” सर्वजण वाकून तीं झिजलेलीं अक्षरें लावूं लागले. पहिला मुलगा कांहीं न बोलतां टाक्यावर गेला, रुमाल भिजवून घेऊन आला आणि आपलें नांव पुसूं लागला.