भास्करपंत आणि नववीचा वर्ग

इतिहासाच्या तासाला मी कधीकधी पुस्तक मिटून ठेवतो. असाच एकदा नववीच्या फळ्यावर एक नाव लिहिले : भास्करराम कोल्हटकर. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण, १७४२ साली बंगालवर चालून गेलेले सेनानी, एवढे सांगितले आणि म्हटले, ‘गृहस्थ कसे होते, दोन ओळींत लिहा.’ वह्या पाहतो तो जिकडे तिकडे ‘शूर’ आणि ‘पराक्रमी’! परमुलखावरची मराठी स्वारी म्हटली की हे शब्द आपल्या लेखणीतून आपसूक गळतात.

मग मी मुलांना बंगालमधील एका अंगाईविषयी सांगितले. बाळ निजले, बर्गी देशात आले, आता सारा कशाने भरायचा, असा तिचा आशय. हा ‘बर्गी’ म्हणजे आपला बारगीर; पदरचा घोडा नसलेला, सरकारी घोड्यावर बसणारा साधा स्वार. वर्ग एकदम गप्प झाला.

अंगाई हा काही पुरावा नव्हे, हे एका मुलाने बरोबर हेरले. पण गंगाराम नावाच्या बंगाली कवीचे ‘महाराष्ट्रपुराण’ जवळजवळ त्याच काळातले आहे. त्याचा आरंभ आपल्याला सुखावणारा आहे. पृथ्वीला पापाचा भार झाला म्हणून शंकराच्या प्रेरणेने शाहू महाराजांची फौज निघते. पुढे मात्र गावे जळतात, रुपयांसाठी माणसांचे हातपाय तोडले जातात, स्त्रियांची विटंबना होते. आणि अखेर देवीच भास्करपंतांवर कोपून नवाबाच्या बाजूला जाते. लिहिणारा हिंदू, राज्य मुसलमान नवाबाचे! आपल्या मनातली सोपी वाटणी इथे चालत नाही.

‘पण सर, नवाबाने दगा दिला ना?’

दिलाच. कटव्याजवळ भास्करपंतांनी मांडलेली दुर्गापूजा पुरी होण्याआधीच अलिवर्दीखानाने रात्री नदी ओलांडून छापा घातला, ते युद्धच होते. पण ३१ मार्च १७४४ रोजी मनकऱ्याच्या तंबूत बोलणी करायला बोलावून पंतांना सरदारांसह कापून काढले, तो उघड विश्वासघात. आम्हा कादंबरीकारांना असा शेवट फार आवडतो. दग्याने मेलेल्या माणसाला उलट प्रश्न कोणी विचारीत नाही! पण तंबूतल्या रक्ताने जळलेल्या गावांचा हिशेब कसा फिटावा?

‘फौजेला पगार कुठून द्यायचा?’ हा प्रश्न एका मुलीचा. तो खरा मर्माचा. चौथाईवर उभी असलेली फौज मुलखावरच जगणार. आणि चौथाईसाठी आपसातही चुरस इतकी, की १७४३ मध्ये नानासाहेब पेशवे अलिवर्दीच्या बाजूने रघूजींविरुद्ध बंगालात उतरले होते. अखेर १७५१ च्या तहात भोसल्यांना सालीना १२ लाख रुपये चौथाई ठरली आणि ओरिसा हाती आला. हे सारे ध्यानात घेतले म्हणजे लूट का झाली ते कळते. ती क्षम्य होती असे मात्र मला म्हणवत नाही.

त्या काळी सगळेच तसे वागत, असेही एकजण म्हणाला. तेव्हा मी शिवछत्रपतींचे चिपळूणच्या छावणीतील जुमलेदारांना लिहिलेले पत्र वाचून दाखवले. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, नाहीतर लोकांना मोगल बरे वाटतील, अशी त्यात सक्त ताकीद आहे. ते पत्र स्वराज्यातल्या रयतेपुरते होते, हे खरे. तरी मोजायचे माप आपल्याच घरात आणि भास्करपंतांच्या आधीपासून होते. पंत धाडसी होते, चिवट होते. पण फौजेच्या वर्तनाचा जाब सेनापतीनेच द्यायचा असतो.

तास संपत आला तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. एरवी तो तोंड उघडत नाही. म्हणाला, ‘सर, बारगिराला स्वतःचा घोडासुद्धा नव्हता. मग अंगाईत त्याचेच नाव कसे राहिले, भास्करपंतांचे का नाही?’

फळ्यावरचे नाव कोणीतरी अर्धे पुसले होते. मी ते पुन्हा पुरे लिहिले, तोच घंटा झाली.