गांवचा हिशेब गांवापुढें

महाराष्ट्रांतील जुन्या गांवगाड्यांत कुळकर्ण्याचें दप्तर ही भीतियुक्त आदराची वस्तु असे. रुमालांत बांधलेले ते कागद गांवाचेच. त्यांवर नांवें गांवकऱ्यांचीं, शेतें गांवकऱ्यांचीं, देणें-घेणेंही गांवकऱ्यांचेंच. परंतु रुमालाची गांठ सोडण्याचा अधिकार मात्र एकट्या लेखणीवाल्याचा. ज्याला अक्षर येत नसे, त्याला आपल्याविषयीं त्या कागदांत काय लिहिलें आहे हें जन्मभर कळत नसे. पुढें राज्यें बदललीं, इंग्रज आले आणि गेले, प्रजेचे नागरिक झाले; तरी सरकारी दप्तराची ती गांठ बराच काळ तशीच राहिली. आपल्या देशांत ती सोडविण्याचें श्रेय ज्यांना द्यावयाचें, त्यांतील पुष्कळजण कायदेपंडित नव्हते. राजस्थानांत दुष्काळी कामांवर दगडमाती वाहणारे ते मजूर होते. त्यांनीं काय मागितलें आणि तें मिळण्यास किती वर्षें लागलीं, हा इतिहास प्रत्येक ग्रामपंचायतीनें व प्रत्येक नगरपालिकेनें जाणून घ्यावा असा आहे.

अरवलीच्या रांगांमध्यें भीम, ब्यावर, रायपूर हा जो टापू आहे, तेथील जमीन खडकाळ, शेतें लहान आणि पाऊस बेभरंवशाचा. पीक बुडालें म्हणजे सरकारनें काढलेल्या तळ्यांच्या, बंधाऱ्यांच्या व रस्त्यांच्या कामांवर जावयाचें, नाहीं तर पोटासाठीं दूरच्या शहरांची वाट धरावयाची, हे दोनच मार्ग लोकांपुढें असत. दुष्काळी कामावरील मजुरालाही किमान वेतनाहून कमी देतां येणार नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९८३ मध्यें राजस्थानांतीलच एका खटल्यांत दिला होता. पण न्यायालयाचा निर्णय आणि मजुराचा तळहात यांच्यामध्यें पुष्कळ अंतर असतें.

१९८७ मध्यें आजच्या राजसमंद जिल्ह्यांतील देवडुंगरी ह्या खेड्यांत तीन माणसें एका मातीच्या घरांत राहावयास आलीं. भारतीय प्रशासन सेवेंतील नोकरी सोडलेल्या अरुणा रॉय, तरुण कार्यकर्ते निखिल डे आणि त्याच मुलखांतील लोककलेंत मुरलेले शंकर सिंह, हीं तीं तिघें. मजुरांबरोबर राहतां राहतां एक गोष्ट त्यांच्या ध्यानांत आली. दिवसभर राबूनही मजुराच्या हातीं किमान वेतन पडत नसे. आणि कारण विचारलें तर उत्तर मिळे, ‘तुमचें काम मापांत कमी भरलें.’ हें माप कोठें लिहिलेलें असे? मोजमापवहींत. कामावर कोण आलें तें कोठें लिहिलेलें असे? हजेरीपटावर. मग तो हजेरीपट आणि ती वही दाखवा, असें मजूर म्हणूं लागले. त्यावर उत्तर ठरलेलें होतें : ते सरकारी कागद आहेत, ते दाखवितां येत नाहींत.

वास्तविक ह्या कागदांत लपविण्यासारखें असें काय होतें? गांवच्या तळ्यावर किती हात माती निघाली, हें कळल्यानें परचक्र येण्याचें भय खास नव्हतें. परंतु १९२३ सालच्या शासकीय गुपितांच्या कायद्यापासून कचेऱ्यांना एक संवय जडली होती. जें सरकारी तें गुप्त, आणि गुप्त नाहीं असें सिद्ध करण्याचा भार विचारणाऱ्यावर! मजुरांना मात्र ह्या नकारांतूनच एक सत्य उमगलें. ज्या कागदावर आपली मजुरी कापली जाते, तो कागद पाहावयास मिळाल्याखेरीज आपण खरे कीं वही खरी ह्याचा निवाडा होणार नाहीं. १ मे १९९० रोजीं भीम येथें मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन झालें, तें ह्या जाणिवेच्या पायावर.

पुढें १९९३ मध्यें घटनेची ७३ वी दुरुस्ती अमलांत येऊन पंचायतींना घटनेचा आधार मिळाला आणि ग्रामसभेला मान मिळाला. परंतु ज्या सभेपुढें हिशेबच येत नाहीं, ती सभा कसली? ह्या प्रश्नाचें प्रात्यक्षिक उत्तर २ डिसेंबर १९९४ रोजीं, तेव्हां पाली जिल्ह्यांत असलेल्या कोट किराना ह्या गांवीं मिळालें. एका तरुण अधिकाऱ्यानें पंचायतीच्या कामांचे कागद पाहूं दिले होते. त्यांवरून टिपून घेतलेल्या याद्या कार्यकर्त्यांनीं घरोघर नेऊन पडताळल्या. मग तंबू ठोकला, ध्वनिक्षेपक लावला आणि सर्वांदेखत ते कागद मोठ्यानें वाचून दाखविले. ह्या सभेला ‘जनसुनवाई’ हें नांव पडलें. त्याच हिंवाळ्यांत भीम, विजयपुरा, जवाजा अशा ठिकाणीं आणखी सुनावण्या झाल्या.

ह्या सभांतून जें बाहेर आलें तें ऐकून लोक प्रथम हंसले आणि मग संतापले. कागदावर पूर्ण झालेली इमारत गांवांत अपुरी उभी होती. जे कधीं कामावर गेले नाहींत, जे परगांवीं होते, इतकेंच नव्हे तर जे हें जग सोडून गेले होते, त्यांचींही नांवें हजेरीपटावर लागलेलीं होतीं. ज्याचें नांव वाचलें जाई तो उठून उभा राही आणि ‘मी त्या कामावर नव्हतों’ म्हणून सांगे.

ह्या ठिकाणीं क्षणभर थांबून विचार करण्यासारखें आहे. ह्याच कागदांची सरकारी तपासणी पूर्वीं होत नव्हती काय? होत होती. पण तपासनीस कागदाशीं कागद ताडून पाहतो. पावती आणि नोंद जुळली कीं त्याचें काम संपलें. गांवकरी कागदाशीं दगड ताडून पाहतो. भिंत किती उंच आहे, तळ्यांत गाळ किती आहे, अमका त्या महिन्यांत गांवांत होता कीं नव्हता, हें त्याला कोणी सांगावें लागत नाहीं. निरक्षर माणसाला हिशेबांतलें काय कळणार, असें म्हणणाऱ्यांना कोट किरान्याच्या तंबूनें कायमचें उत्तर दिलें.

आणखी एक धडा त्या तंबूंत मिळाला. ‘गांवच्या विकासावर एकंदर इतके लक्ष रुपये खर्च झाले’ असें नुसतें सांगितलें असतें, तर कोणीही उठून उभें राहिलें नसतें. बेरीज लबाडी झांकते. तपशील ती उघडी पाडतो. अमुक दिवशीं, अमुक कामावर, अमुक माणूस, अमुक मजुरी, इतका बारीक तपशील वाचला गेला म्हणूनच लोकांना साक्ष देतां आली.

साहजिकच विरोधही झाला. १९९५ च्या आरंभीं अजमेर जिल्ह्यांतील ग्रामसेवकांनीं कागद दाखविण्याच्या आदेशाविरुद्ध काम बंद ठेविलें. असें सर्वांनीं हिशेब पाहावयाचे म्हटलें तर कारभार चालणार कसा, असा त्यांचा प्रश्न होता. ५ एप्रिल १९९५ रोजीं मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनीं विधानसभेंत वचन दिलें कीं, स्थानिक विकासकामांच्या कागदांच्या नकला लोकांना मिळतील. वचन वर्तमानपत्रांत छापून आलें. आदेश मात्र वर्षभर निघाला नाहीं. तेव्हां ६ एप्रिल १९९६ रोजीं ब्यावर शहरांत चांग गेटपाशीं लोकांनीं धरणें धरलें. त्याच दिवशीं सरकारनें एक आदेश काढला. कागद पाहतां येतील, पण नक्कल मिळणार नाहीं! मजुरांनीं तो नाकारला. नुसतें डोळ्यांनीं पाहिलेलें पोलिसठाण्यांत किंवा न्यायालयांत कोण मानणार? धरणें चाळीस दिवस चाललें. ब्यावरच्या नागरिकांनीं, व्यापाऱ्यांनीं व भाजीवाल्यांनीं मजुरांना हातभार लावला. ‘जनसत्ते’चे संपादक प्रभाष जोशी यांच्यासारख्या पत्रकारांनीं हा लढा देशापुढें मांडला. ह्याच चळवळींतील एका खेडुत स्त्रीनें तिचें सार फार सोप्या शब्दांत सांगितलें आहे. मुलाला दहा रुपये देऊन बाजारांत धाडलें तरी आई घरीं आल्यावर त्याचा हिशेब घेते. मग सरकार जर जनतेच्या नांवानें कोट्यवधि रुपये खर्च करतें, तर जनतेनें हिशेब कां मागूं नये, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता.

१९९७ मध्यें जयपूर येथें पुन्हां त्रेपन्न दिवस धरणें धरावें लागलें. त्याच्या अखेरीस सरकारनें जें जाहीर केलें तें ऐकून कोणीही थक्क व्हावें. पंचायतीच्या कागदांच्या नकला देण्याचा नियम डिसेंबर १९९६ मध्येंच राजपत्रांत प्रसिद्ध झाला होता! माहिती देण्याचा नियमच सहा महिने माहितीविना राहिला. राजपत्रांत छापणें म्हणजे लोकांना कळविणें नव्हे, हें ह्याहून स्पष्ट कशानें व्हावें?

नियम झाल्यावरही अडचणी संपल्या नाहींत. राजसमंद जिल्ह्यांतील जनावद पंचायतीचे कागद मिळविण्यास दीर्घकाळ झगडावें लागलें. एप्रिल २००१ मध्यें तेथें सुनावणी झाली, तेव्हां पुष्कळ कामें केवळ कागदावरच झालेलीं आढळलीं, आणि सरकारी चौकशींतही मोठा अपहार उघड झाला. दुसरीकडे १९९८ च्या सुमारास कांहीं सरपंचांनीं लोकांदेखत पैसे परत केले, ही गोष्टही नमूद केली पाहिजे. उजेडाचा उपयोग केवळ चोर पकडण्यापुरता नसतो. मनांत पाल चुकचुकलेल्या माणसाला तो सांवरतोही.

महाराष्ट्राला ही भाषा परकी नव्हती. रोजगार हमीचा कायदा ह्याच राज्यानें १९७७ मध्यें केला होता आणि हजेरीपट हा शब्द येथील मजुराच्या जिभेवर होता. माहितीच्या अधिकाराच्या बाबतींत राजस्थानचा कायदा २००० सालीं झाला; महाराष्ट्रांत २००२ च्या सप्टेंबरांत अध्यादेश निघाला आणि अण्णा हजारे यांच्या उपोषणानंतर २००३ मध्यें त्याचें कायद्यांत रूपांतर झालें. अखेर १२ ऑक्टोबर २००५ पासून देशपातळीवर माहितीचा अधिकार अमलांत आला. त्याच सालच्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीच्या कायद्यानें कामांचें सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोंपविलें. कोट किरान्याचा तंबू असा दहा-अकरा वर्षांनीं कायद्याच्या पुस्तकांत उभा राहिला.

२००५ च्या कायद्यांतील चौथें कलम विशेष ध्यानांत घ्यावें. लोकांनीं अर्ज करण्याची वाट न पाहतां प्रत्येक सार्वजनिक संस्थेनें आपण होऊन माहिती प्रसिद्ध करावी, असें तें सांगतें. अर्ज ही नाइलाजाची वाट, प्रसिद्धी ही राजमार्ग, असा त्याचा अर्थ. राजस्थान सरकारनें २०१९ मध्यें ‘जन सूचना’ नांवाचें संकेतस्थळ सुरू केलें, तें ह्याच कलमाला धरून. तेथें आपल्या पंचायतीच्या वा प्रभागाच्या योजनांची माहिती कोणालाही अर्जावांचून पाहतां येते, अशी ती योजना आहे.

माणसाची खासगी बाब सुरक्षित राहावी, ही अपेक्षा योग्यच आहे. २०२३ च्या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानें माहितीच्या अधिकाराच्या कायद्यांतील एका कलमांत दुरुस्ती केली, आणि व्यक्तिगत म्हणून माहिती नाकारण्यास अधिक वाव दिला. येथें विवेक हवा. कोणाला कोणता आजार आहे हें वेशीवर टांगूं नये. परंतु लोकांच्या पैशांतून कोणत्या कामावर कोणाच्या नांवानें किती मजुरी गेली, हें झांकलें तर कोट किरान्याच्या सभेंत कोण उठून उभें राहणार? नांवेंच पुसलीं तर मृताचें नांव ओळखणार कसें?

पंचायतीनें वा नगरपालिकेनें आपला जमाखर्च, ठेके, मोजमापें आणि हजेरीपट लोकांच्या भाषेंत, तपशीलवार आणि वेळेवर जाहीर करावे. ते भिंतीवर रंगवावे, चावडीवर वाचून दाखवावे, आणि कोणालाही नक्कल करून पडताळतां येतील अशा रूपांत संगणकावरही ठेवावे. ह्यांत गांवावर मेहेरबानी कांहीं नाहीं. देवडुंगरीच्या मजुरांनीं दान मागितलें नव्हतें. आपल्याच नांवानें लिहिलेला कागद आपल्याला वाचून दाखवा, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. दप्तराचा रुमाल जेथें अद्याप बांधलेला असेल, तेथील कारभाऱ्यांनीं ती गांठ आपल्याच हातानें सोडावी. त्यासाठीं कोणा मजुराला पुन्हां चाळीस दिवस रस्त्यावर बसण्याची पाळी येऊं नये.